शेलूचा श, खोपोलीचा ख

इंग्रजीत नवा टाइप पारखायचा तर ‘द क्विक ब्राउन फॉक्स’ने सुरू होणारं ते प्रसिद्ध वाक्य टाइप करतात. सव्वीसच्या सव्वीस अक्षरं त्यात येऊन जातात. मराठीत असं सर्वांनी मानलेलं वाक्य नाही. मी त्याच्या जागी मध्य रेल्वेची दहा स्थानकं वापरतो: वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. देवनागरी फॉन्ट हाती आला की आधी ही नावं टाइप करायची, एकदा पाटीच्या मापात आणि एकदा बातमीच्या मापात छापायची आणि चहा घेत बघत बसायचं. बहुतेक फॉन्टचं पितळ खोपोली येण्याआधीच उघडं पडतं.

सुरुवात शेलूपासून करू, कारण दोनच अक्षरांच्या या नावात मराठीचं सगळं भांडण आलंय. देवनागरी एकच असली तरी छपाईत तिची दोन घराणी झाली. एक मुंबई वळणाचं, दुसरं कलकत्ता वळणाचं. अ, झ, ण, ल, श ही अक्षरं आणि ५, ८, ९ हे आकडे दोन्हीकडे वेगवेगळे घडले. कलकत्ता वळणाचे अ आणि ण आता जुन्या पोथ्यांतच सापडतात. त्या बाबतीत मुंबईची सरशी झाली. ल आणि श यांचं मात्र अजून मिटलेलं नाही. शाळेत आपल्याला शिकवलेल्या ल ला दांड्याच्या डावीकडे दोन पाकळ्या असतात, आणि आपला श शिरोरेषेला देठाने लटकलेला असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं प्रमाण धरली. पण आपल्या संगणकात आणि मोबाइलमध्ये जी अक्षरं घरबसल्या येतात ती बहुधा हिंदी वळणाची. त्यामुळे कर्जतच्या पोराला पहिलीच्या पुस्तकात एक ल दिसतो आणि आईच्या मोबाइलवर दुसराच.

यात संगणकाच्या सांकेतिक प्रणालीचा दोष नाही. युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे. तो कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की पाकळीचा ल आपोआप येतो. नोंदवतो कोण? आपण सगळेच ‘भाषा: हिंदी’ किंवा ‘भाषा: इंग्रजी’ अशा फाइलींत मराठी लिहीत असतो. ही एक खूणगाठ बदलून पाहा; वापरात चांगला फॉन्ट असेल तर पानाचा चेहरा तिथल्या तिथे बदलतो.

शेलूनंतर नेरळ. इथून ळ सुरू होतो आणि कर्जत ओलांडून खोपोलीच्या फाट्याला लागलं की त्याचा पाऊसच पडतो. पळसदरी, केळवली, डोळवली: लागोपाठ तीन स्थानकं आणि तिन्हींत ळ. त्यातही केळवली आणि डोळवली ही पाठोपाठची नावं. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. संध्याकाळच्या गाडीत डुलकी लागलेल्या माणसाला दोन पाट्यांमधला भेद कळायला हवा, तर के आणि डो लांबून वेगळे दिसलेच पाहिजेत. फॉन्टची परीक्षा अशी असते. प्रत्येक अक्षर एकटं किती देखणं आहे ते नंतर बघता येतं. शेजाऱ्यापासून त्याला वेगळं ओळखता येतं का, हे आधी.

ळ काढायला भारी अवघड. वरून एक छोटा दांडा उतरतो आणि खाली दोन वेढे शेजारी-शेजारी बसतात. दोन्ही गणिताने सारखे काढले तर डोळ्याला सारखे वाटत नाहीत. एकात थोडं कमी-जास्त करावं लागतं. वेढ्यांच्या आतली पोकळी लहान पडली की बारीक छपाईत शाई भरते आणि ळ चा काळा ठिपका होतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडलेल्या कित्येक फॉन्टमध्ये ळ पाहिला की हा मागाहून, घाईघाईत, ‘मराठीवाल्यांना लागतो’ म्हणून भरलेला आहे हे लगेच कळतं. हिंदीला त्याची गरज क्वचित. आपल्या त्रिभाषी पाट्यांवरही हिंदीच्या ओळीत बऱ्याचदा नेरळचं नेरल होतं, आणि रोमनमध्ये तर ळ आणि ल दोघांना मिळून एकच अक्षर. केळवलीतले दोन्ही लकार इंग्रजीत गेले की जुळे भाऊ होऊन येतात. म्हणूनच केळवली हे नाव मला फार उपयोगाचं: ळ आणि ल एकाच घरातले वाटतात की एक पाहुणा वाटतो, ते एका शब्दात दिसतं.

भिवपुरीत निराळा सापळा आहे. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्यांमधला फरक वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तिथे शिरोरेषा तुटली आणि अक्षराला गाठ पडली तर भ, सरळ गेली तर म. ही फट फार बारीक ठेवली तर लांबून शिरोरेषा अखंडच दिसते आणि भिवपुरीची मिवपुरी होते. कर्जतमध्ये रफार, वांगणीत अनुस्वार, लौजीत काना आणि त्यावर दोन मात्रा. वर चढणाऱ्या या सगळ्या चिन्हांना जागा लागते. रस्त्यावर तर वाचायला वेळही कमी: द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २७-२८ मीटर पुढे जाते. ‘खंडाळा’ या पाटीवरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटला असेल तरी तो वाचायला मिळतात जेमतेम दोन-तीन सेकंद.

आणि खोपोली. ख हे अक्षर म्हणजे देवनागरीचं जुनं दुखणं. र आणि व शेजारी ठेवले की ख. मग ‘रव’ कसं लिहायचं? म्हणून दोघांना खाली जोडून टाकायची सुधारणा विसाव्या शतकात रूढ झाली. खोपोलीच्या बाजारात एका पेंटरकाकांना दुकानाची पाटी रंगवताना मी बराच वेळ पाहत उभा होतो. दोरीला खडूची पूड चोळून पत्र्यावर ताणली, मधोमध चिमटीत धरून सोडली, टण्‌ असा आवाज झाला आणि पांढरी सरळ रेघ उमटली. तशीच दुसरी खाली. या दोन रेघांच्या मध्ये अक्षरांची धडं बसणार, मात्रा वर जाणार. डाव्या हातात टेकूची काठी, तिच्यावर उजवं मनगट, चपटा ब्रश. आधी दांडे मारले, सगळ्या शब्दाचे, एकसारख्या अंतरावर. मग पोटं. ख ला आले तेव्हा म्हणाले, “ह्याला खाली गाठ मारायची, नायतर गिऱ्हाईक रवोपोली वाचतंय.” शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात. आणि या सगळ्यात त्यांनी एक गोष्ट केली जी फॉन्ट सहसा करत नाही: पो ची मात्रा थोडी उंच नेली आणि ली ची वेलांटी तिच्याखाली सरकवली. शब्द आखडला, पत्र्यात नेमका बसला.

हाताने रंगवलेलं अक्षर आणि टाइपचं अक्षर यांच्यातला फरक इथे दिसतो. पेंटरच्या ली ला फक्त तिच्या डावीकडच्या पो शी जुळवून घ्यायचं असतं. टाइपमधल्या ली ला कोणाच्याही शेजारी, कुठल्याही क्रमाने, लाखो वेळा बसायचं असतं. पहिलं ठेवणीतलं कापड, दुसरं रोजच्या वापरातलं. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं आठवा. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच नाटकाचा स्वभाव कळायचा. २०२० साली ते गेले. त्यांच्या एखाद्या शीर्षकाची अक्षरं सुटी करून त्यांत बातमी छापायला गेलात तर पहिल्याच ओळीत जीव गुदमरेल. कमीपणा कोणाकडेच नाही, कामं वेगळी आहेत.

कर्जत तालुक्यातलं फार जुनं अक्षरकाम पाहायचं तर बाजार सोडून कोंदिवड्याच्या बाजूला जावं लागतं. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या रानात कोंडाणे लेणी आहेत. दगडात कोरलेलं चैत्यगृह, पुढचा बराच भाग पडलेला, पावसाळ्यात वरून पाण्याचा पडदा. दर्शनी भागात एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची. काही अभ्यासक तिला आणखी मागे नेतात. प्राकृतात आहे: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा शिष्य बलक, त्याने केलं. बस्स, एवढंच. राजाचं नाव, दानाची रक्कम, पुण्याचा हिशोब यांतलं काही नाही. पश्चिम घाटातल्या लेण्यांमध्ये देणाऱ्यांची नावं पुष्कळ सापडतात, करणाऱ्याने आपलं नाव असं लिहून ठेवल्याची उदाहरणं मोजकी.

‘बलकेन’ हा शब्द ब्राह्मीत कसा दिसतो ते सांगतो, कारण तो कोणालाही शिकता येतो. ब म्हणजे चौकोन. ल म्हणजे एका बाजूला शेपूट वर वळलेला आकडा. क म्हणजे अधिकचं चिन्ह, त्याच्या डोक्यावर डावीकडे छोटी रेघ दिली की के. न म्हणजे आडव्या रेघेवर उभा दांडा, उलटा केलेला इंग्रजी टी. शिरोरेषा नाही, जाड-बारीक नाही. छिन्नीने कोरलेली सरळसोट, सारख्या जाडीची रेघ. आजच्या जाहिरातवाल्यांना ‘मॉडर्न’ म्हणून जी अक्षरं आवडतात त्यांच्याशी बलकाची अक्षरं सहज पंगतीला बसतील. १९१६ साली लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टनने नवा टाइप घडवला तेव्हा तोही असाच मागे गेला होता. रोमन शिलालेखांतल्या मोठ्या अक्षरांची प्रमाणं त्याने सारख्या जाडीच्या रेघेत आणली. शंभर वर्षं झाली, लंडनमध्ये तोच टाइप थोड्याफार दुरुस्त्यांसह चालू आहे. आपल्या स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवरची देवनागरी मात्र वर्षानुवर्षं ज्या-त्या रंगाऱ्याच्या हाताची. मला त्यात गंमत वाटते हे कबूल करतो, पण एकाच फाट्यावर चार प्रकारचे ळ असणं हे काही धोरण म्हणता येणार नाही.

चौकोनी ब आणि अधिकचा क यांच्यापासून आजच्या ब-क पर्यंत यायला जे घडलं त्यात मोठा वाटा हत्याराचा. छिन्नी गेली, बोरू आला. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघ एका दिशेला जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. रोमन लिहिणाऱ्याची कापणी आणि नागरी लिहिणाऱ्याची कापणी यांचा तिरपेपणा एकमेकांच्या उलट. म्हणून इंग्रजी ओ मध्ये जिथे जाडी येते तिथे आपल्या ठ च्या गोलात बारकी येते. इंग्रजी टाइपला शोभेल अशी देवनागरी करायला निघालेले पुष्कळ जण नेमकं हेच विसरतात. ओ फिरवून ठ करतात, आणि मग त्या ठ कडे बघताना काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं, काय ते सांगता येत नाही.

बोरूचं हे वळण शिशाच्या खिळ्यात उतरवायचं काम मुंबईत झालं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली एक मुलगा लहान वयात कामाला लागला: जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९. पुढे १८६४ मध्ये त्याने स्वतःचा टाइपचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे पोलादी ठसे कोरणारा त्याचा जोडीदार राणोजी रावजी आरू. ठसा कोरणं म्हणजे पोलादाच्या कांडीच्या टोकावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, उलटं अक्षर कोरायचं. तो ठसा तांब्यावर ठोकायचा, त्यातून साचा आणि साच्यात शिसं ओतून खिळा. ळ चे दोन्ही वेढे तेवढ्या जागेत मोकळे ठेवायचे. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभर गेली आणि त्यांच्याबरोबर मुंबई वळणही. वाराणसीच्या पंडिताच्या हातात मुंबईच्या अ-ण चं पुस्तक पडत राहिलं; वर म्हटलेली सरशी झाली ती बरीचशी अशी.

हे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचे हाल वेगळेच. एकेका व्यंजनाला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, शिवाय जोडाक्षरं, म्हणजे खिळ्यांच्या पेटीला, केसला, शेकडो खाने. ते कमी करायला मुंबईत डिग्री पद्धत निघाली: मात्रा वेगळ्या, धड वेगळं, उकार वेगळे, आणि एक ओळ तीन मजल्यांत जुळवायची. लौजी जुळवताना दोन मात्रांचा तुकडा वरच्या मजल्यावर नेमका कान्याच्या माथ्यावर बसला पाहिजे. केसभर सरकला की शब्द हेलपाटतो. त्याच्या उलट अखंड पद्धतीत मात्रा खिळ्याबाहेर शेजाऱ्याच्या डोक्यावर झुकलेली. ती दिसायला सुरेख, पण मोडायचीही चटकन. खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही केला. सावरकरांनी तर स्वरच कमी केले, अ लाच वेलांटी-उकार देऊन अि, अी, अु लिहायला सांगितलं. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या अंकांत ही बाराखडी भेटते. यंत्राला सोसेल अशी लिपी करायची की लिपीला सोसेल असं यंत्र, हा वाद शंभर वर्षं चालला आणि शेवटी संगणकाने यंत्रालाच वाकवलं. युनिकोड आणि त्याला साजेशा फॉन्टमुळे जोडाक्षरं, मात्रा, रफार आपोआप जागच्या जागी बसू लागले. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातून आलेले आणि पवईच्या आयआयटीत शिकवलेले. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं. मंगलच्या सौंदर्याबद्दल माझे आक्षेप आहेत, पण त्या काळातल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या पडद्यावर मराठी वाचता आली ती त्याच्यामुळे. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने मुक्त, बलू असे फॉन्ट फुकट वापरायला दिले. बलू तर आता लग्नाच्या फ्लेक्सपासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळीकडे दिसतो. थोडा जास्तच दिसतो.

फ्लेक्सचा विषय निघालाच आहे. माझ्या नात्यातल्या एका दुकानाची पाटी करायला दिली होती. मी पाठवलेलं अक्षर फळीत बसेना म्हणून करणाऱ्याने माऊसने धरून आडवं ताणलं. आडवं ताणलं की उभे दांडे जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. सगळा शब्द सुजल्यासारखा दिसतो. पाटी लागली, पैसे दिले, आजही तिच्याखालून जाताना मी वर बघत नाही. पेंटरकाकांना जागा कमी पडली तेव्हा त्यांनी वेलांटी सरकवली होती. दोघांपुढे अडचण तीच होती.

मार्च २०२२ पासून राज्यात लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत अशी अट आहे. अट योग्य आहे, पण माप कुठून कुठे घ्यायचं? रफाराच्या टोकापासून मोजलं तर ‘कर्जत’ इंग्रजीएवढं भरतं आणि तरी लांबून लहानच दिसतं, कारण वरची जागा रफाराने खाल्लेली असते. संगणकात दोन्हींना एकच माप दिलं तरी तेच होतं. मात्रा आणि उकार यांच्यासाठी वर-खाली जागा सोडायची म्हणून देवनागरीचं धड मुळात लहान बेतलेलं असतं. माझा हिशोब सोपा: शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी मोठ्या अक्षराएवढी ठेवा, मात्रा वर जाऊ द्यात. पेंटरकाकांच्या त्या दोन खडूच्या रेघा हेच माप होतं.

माझ्या दहा नावांत एक उणीव आहे. मराठीचा खास ऱ्य त्यांत येत नाही. म्हणून मी यादीच्या शेवटी दोन शब्द जोडतो: दर्या आणि दऱ्या. अलिबागला दर्या, कर्जतला दऱ्या; एकाच जिल्ह्यातले दोन शब्द आणि दोन वेगळे र. फॉन्टमध्ये दुसरा नीट बसला नाही तर पळसदरीच्या आसपास थेट समुद्र येतो.

तेव्हा घरातल्या लग्नाची पत्रिका असो, दुकानाची पाटी असो की गावच्या स्वागताची कमान, छापायला देण्याआधी ही बारा नावं त्याच अक्षरात काढून मागा. शेलूचा श, केळवलीचा ळ, भिवपुरीचा भ, खोपोलीचा ख आणि दऱ्यांमधला ऱ्य बघा, आणि एक जरी फसला असेल तर पैसे देण्याआधी अक्षर बदलून घ्या.